आधी फळियात, मग पडद्यावर

केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 10 सप्टेंबर 2025 रोजी दिल्लीत 'आदि संस्कृती' हे संकेतस्थळ प्राथमिक रूपात खुले केले. त्यातल्या 'आदि संपदा' या भागात आदिवासींची चित्रे, नृत्ये, वस्त्रे, वस्तू आणि उपजीविकेची साधने यांच्या पाच हजारांहून अधिक नोंदी आहेत. त्याच्या नऊच दिवस आधी 'आदि वाणी' हे भाषांतराचे साधन आले. त्यात संताली, मुंडारी आणि गोंडी यांच्या बरोबरीने मध्य प्रदेशातल्या भिलीला जागा मिळाली. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाने 2020 च्या टाळेबंदीतच आपली दालने इंटरनेटवरून दाखवायला सुरुवात केली होती. देशातली मोठी राष्ट्रीय संग्रहालये तर पुण्याच्या सी-डॅकने बनवलेल्या 'जतन' या प्रणालीतून 2014 पासून आपल्या वस्तू जगापुढे मांडत आहेत. या कामाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. भिली ही एक कोटीहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. शाळेच्या फळ्यावर ती क्वचितच उमटते. अशा भाषेला आणि ती बोलणाऱ्यांच्या कलेला सरकारी पडद्यावर मान मिळतो आहे, ही मोठी गोष्ट आहे.

मात्र इंदुरात बसून हे वाचताना एक प्रश्न मनातून जात नाही. इथून सुमारे दीडशे किलोमीटरवर झाबुआ आहे, त्याच्या पलीकडे आलीराजपूर. 2011 च्या जनगणनेनुसार झाबुआत दर शंभरांत 87 आणि आलीराजपुरात 89 माणसे अनुसूचित जमातींची आहेत. त्याच जनगणनेत आलीराजपूरची साक्षरता 36.1 टक्के, म्हणजे देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वांत कमी होती. ज्या भिंतींची, घोड्यांची, दगडांची आणि गाण्यांची ही नोंद होत आहे, त्या भिंती लिंपणाऱ्या, ते घोडे लिहिणाऱ्या, ते दगड उभे करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती नोंद कोणी दाखवली का? दाखवताना त्यांच्या भाषेत सांगितली का? आणि ते 'नको' म्हणाले असते, तर ती काढली गेली असती का?

हा प्रश्न केवळ सौजन्याचा नाही, हे समजायला पिठोऱ्यापासूनच, म्हणजे नवसाने भिंतीवर लिहिलेल्या चित्रापासूनच, सुरुवात करावी लागेल, कारण संग्रहालयांना सर्वांत प्रिय झालेली भिलांची गोष्ट तीच आहे. घरात आजार हटत नाही, गुरे मरतात, पाऊस दगा देतो, तेव्हा घरचा कर्ता बडव्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे, जातो आणि पिठोऱ्याचा नवस बोलतो. नवस फेडायची ऐपत यायला कधी वर्षे लागतात. मग ओसरीलगतची मुख्य भिंत कुमारिका शेणामातीने लिंपतात, तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात देतात. पिठोरा लिहिणारे लिखंद्रे येतात. भिंतीवर बाबा गणेह आधी येतो, मग पिठोऱ्याच्या वरातीचे घोडे, राणी काजल, राजा भोज, पूर्वजांचे घोडे, शेत, विहीर, ताडाचे झाड, बारा डोक्यांचा पुरुष. चौकटीला वेस असते आणि वेशीवर वाघ. गायणा रात्रभर गातो, ढोल वाजत राहतो. काम संपले की बडव्याच्या अंगात येते आणि तो भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखतो, नाव घेतो, राहिले असेल ते दाखवतो. लिखंद्रा ते तिथल्या तिथे पुरे करतो. बडव्याची मान्यता मिळाल्याशिवाय तो पिठोरा होत नाही. त्यानंतर बोकड पडतो, गाव जेवते. त्या दिवसापासून त्या घरात देव राहतो.

आता हाच पिठोरा नोंदीत कसा येतो ते पाहू. शीर्षक, माध्यम, आकार, काळ, प्रदेश, कलाकार. संगणकाच्या रकान्यांत एवढेच मावते. नवस कोणाचा, कशासाठी, भिंत कोणी तपासली, कुठल्या घरात तो देव बसला आहे, त्या घरच्यांना तो अनोळखी माणसांना दाखवायचा आहे की नाही, यासाठी रकाना नाही. छायाचित्र उत्तम असते, रंग खरे असतात, माहिती बहुतेक वेळा बरोबरही असते. तरी ज्या माणसाच्या संमतीवाचून तो पिठोरा गावात पुरा होऊ शकत नाही, त्या बडव्याला विचारल्याशिवाय तो पडद्यावर मात्र पुरा होतो.

इंदूरच्या मराठी वाचकाला यातली वेदना कळायला फार लांब जावे लागू नये. होळकरांच्या काळात दख्खनेतून इकडे आलेल्या कितीतरी घरांनी देवघरात कुळाचे टाक आणले. खंडोबा, म्हाळसा, आणि त्यांच्या शेजारी घरातल्या गेलेल्या माणसांचेही टाक. उद्या कोणी ते टाक उचलून, पांढऱ्या कापडावर मांडून, प्रकाश टाकून छायाचित्रे काढली आणि 'चांदीचा पत्रा, एकोणिसावे शतक, कारागीर अज्ञात' असे लिहून जगाला खुले केले, तर माहितीत एकही चूक नसतानाही आपण अस्वस्थ होऊ. निदान आधी आमच्या घरी येऊन विचारायचे होते, असे म्हणू. झाबुआतल्या माणसाला तेवढेच म्हणायचे असेल, तर ते ऐकायची सोय या प्रकल्पांत आहे का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

पिठोऱ्याइतकेच गातल्याचे आहे. झाबुआ-आलीराजपूरकडे रस्त्याने जाताना शेताच्या कडेला उभे दगड दिसतात, त्यांवर घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला असतो. गातला म्हणजे मेलेल्या माणसाचा हा दगड. नातलग तो विधीने उभा करतात, सणाला त्याला नैवेद्य देतात. व्हिएन्नाचे मानवशास्त्रज्ञ विल्हेल्म कोपर्स 1938-39 मध्ये याच भागात राहिले. या दगडांवर त्यांनी 1942 मध्ये निबंध लिहिला आणि भिलांवरचा मोठा ग्रंथ 1948 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. काम कष्टाचे होते आणि त्याचे मोल आजही आहे. पण ज्यांच्या आजोबांनी त्यांना सगळे सांगितले, त्यांच्या नातवंडांना ते वाचता येत नाही. त्याआधी 1909 मध्ये मध्य भारत एजन्सीसाठी सी. ई. लुअर्ड यांनी माळव्याच्या जंगलातल्या जमातींवर प्रबंध लिहिला. एजन्सीचा कारभार इंदूरच्या रेसिडेन्सीतून चाले. म्हणजे भिलांविषयीचे ज्ञान इंदुरात कागदावर चढवण्याची रीत शंभराहून अधिक वर्षांची आहे. ते कागद परत गावात नेऊन वाचून दाखवण्याची रीत मात्र पडली नाही. आजच्या डिजिटल कामाने आधी काही भरून काढायचे असेल, तर ते हे.

भोपाळने या बाबतीत काही चांगले करून दाखवले आहे, ते सांगितलेच पाहिजे. भारत भवन हे कलाकेंद्र 1982 मध्ये सुरू झाले. त्या इमारतीच्या बांधकामावर मजुरी करायला झाबुआकडून आलेल्यांत पिटोलच्या भुरीबाई होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना चित्र काढायला सांगितले, रंग आणि कागद दिले. पिठोऱ्याचे घोडे लिहिणे हे परंपरेने पुरुषांचे काम. भुरीबाईंनी ती मर्यादा ओलांडून देवाला हात घातला नाही. त्यांनी आपली झाडे, आपली जनावरे, आपले घर काढले, नंतर बस आणि विमानेही काढली. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भाबऱ्याचे पेमा फत्या हे थोर लिखंद्रा. त्यांनी भिंतीवरचा पिठोरा कागदावर आणला, देशभर नेला, पण आपल्या भागात नवसाचा पिठोरा लिहिणेही सोडले नाही. काय गावाबाहेर न्यायचे आणि काय गावातच ठेवायचे याचा निवाडा या दोघांनीही स्वतः केला. संग्रहालयाने त्यांच्यावर तो लादला नाही, म्हणूनच तो टिकला. 6 जून 2013 रोजी खुल्या झालेल्या भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात वेगवेगळ्या जमातींचे कारागीर येऊन स्वतःच्या हाताने दालने उभी करतात. तिथल्या एका दालनाला 'लिखंदरा' असे नाव आहे, दर महिन्याला 'शलाका' या मालिकेत एका आदिवासी चित्रकाराचे प्रदर्शन तिथे भरते आणि चित्रे विकली जातात. श्यामला टेकडीवरच्या मानव संग्रहालयात तर लोकांनी आपापल्या रीतीने आपली घरे बांधली आहेत. मातीच्या आणि बांबूच्या संग्रहालयात जी गोष्ट जमली, ती पडद्यावरच्या संग्रहालयात अवघड का व्हावी? तिथे तर भिंत पाडावी लागत नाही. एक ओळ बदलायची असते, एक चित्र झाकायचे असते.

सीमेपलीकडे छोटा उदेपूर जिल्ह्यात तेजगढला गणेश देवी यांच्या 'भाषा' संस्थेने आदिवासी अकादमी उभी केली. आलीराजपूरपासून ते ठिकाण फार लांब नाही आणि पिठोरा लिहिणारे राठवा लोक तिथलेच. तिथल्या 'वाचा' या संग्रहालयाची बांधणीच आवाजावर आहे. लोकांच्या भाषा आणि लोकांनी सांगितलेले शब्द हा तिथला मुख्य ठेवा आहे. माळव्याला शेजारच्याच गावातून शिकता येईल असे हे आहे.

आणखी लांबचे उदाहरण कॅनडाच्या उत्तर टोकाचे आहे. 1860 च्या दशकात हडसन्स बे कंपनीचा व्यापारी रॉडरिक मॅकफार्लेन याने फोर्ट अँडरसन इथे इनुव्हियालुइट लोकांकडून कपडे, हत्यारे आणि अवजारे घेऊन ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला पाठवली. जवळजवळ दीडशे वर्षे ती तिथल्या कपाटांत होती. 2009 मध्ये त्या समाजातली वयोवृद्ध माणसे, शिवणकाम जाणणाऱ्या बाया आणि तरुण मुले वॉशिंग्टनला गेली. त्यांनी वस्तू हातात घेतल्या, कशाचे काय ते सांगितले, कपड्यांचे बेत कागदावर उतरवून घेतले. त्यानंतर त्यांच्या सहभागाने संकेतस्थळ बनले आणि 2012 मध्ये ते खुले झाले. आम्हाला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची वाटते. आधी माणसे वस्तूंपर्यंत गेली, मग वस्तू पडद्यावर गेल्या. त्यामुळे त्या नोंदींत संग्रहालयाच्या शब्दांच्या शेजारी त्या लोकांचे स्वतःचे शब्द आहेत.

अमेरिकेतल्या पासामाक्वाडी लोकांची गोष्ट याहून बोलकी आहे. जेसी वॉल्टर फ्यूक्स याने 1890 मध्ये मेन राज्यात मेणाच्या नळकांड्यांवर त्यांची गाणी आणि बोलणे टिपले. असे टिपलेली 31 नळकांडी उरली आहेत. जगातली ती पहिली क्षेत्रीय ध्वनिमुद्रणे मानली जातात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ती आधुनिक तंत्राने स्वच्छ केली, पण खुली करण्यापूर्वी समाजासोबत बसून ऐकली. कोणते गाणे कोणते, त्याचे नाव काय, ते कोणी ऐकावे, हे त्या लोकांनी ठरवले आणि तशा खुणा नोंदीवर लावल्या. काही मुद्रणे जगाला ऐकू येतात, काही फक्त त्यांना. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांसोबत 2007 मध्ये बनलेल्या 'मुकुर्टू' या प्रणालीतही हीच सोय आहे. कोणाला काय दिसावे, ते समाजाच्या रीतीनुसार ठरते. ही प्रणाली फुकट आणि खुली आहे. इंदूरच्या संगणक कंपन्यांत आणि महाविद्यालयांत शिकणारी मुले ती भिलीसाठी बसवू शकतील. तंत्र नाही म्हणून विचारता आले नाही, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही.

आपल्याच देशात नागालँडमध्येही हे घडते आहे. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने 2020 मध्ये नागा पूर्वजांचे अवशेष दालनातून काढले. ते परत आणायचे की नाही, आणायचे तर कसे, यासाठी नागालँडमधली मंडळी आधी गावोगाव फिरली आणि लोकांशी बोलली. ऑक्टोबर 2024 मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा पूर्वजाची कवटी विक्रीला आली, तेव्हा नागालँडमधून उठलेल्या आवाजाने ती विक्री मागे घ्यावी लागली. तो आवाज इतका ठाम होता, कारण त्यामागे गावांतले बोलणे होते.

आता अडचणी. त्या खऱ्या आहेत आणि टाळून चालणार नाहीत. समाज म्हणजे नेमका कोण, ही पहिली. झाबुआत भिल्ल, आलीराजपुरात भिलाला, बडवानीत बारेला. एका गावात चार-पाच फळिया, म्हणजे वस्त्या, आणि प्रत्येक फळियात वेगळे म्हणणे असू शकते. बडवा नको म्हणेल, कॉलेजात शिकणारी मुलगी हवे म्हणेल. ज्या पुरुषांच्या हातात विधी आहे, तेच सगळ्यांच्या वतीने बोलले, तर बायांचे काय? आणि चित्र विकून घर चालवणाऱ्या कलाकाराला जगाने आपले काम पाहावे असे वाटणारच. ते त्याचे पोट आहे. पवित्र म्हणून सगळेच झाकले, तर त्याचा घास जाईल. शिवाय झाबुआची तरुण मुले काही इंटरनेटला बुजलेली नाहीत. टिमली नाचाची नवी गाणी ती स्वतः बनवतात, फोनवर टाकतात आणि लाखो लोक ती ऐकतात.

या अडचणींवर आमचे मत असे. गावात मतभेद असतील, तर ते गावाने मिटवावेत. मतभेद आहेत म्हणून विचारायचेच नाही, हे संग्रहालयाला शोभत नाही. दोन मते असतील तर नोंदीत दोन्ही येऊ द्यावीत. बायांचे स्वतंत्र बोलणे व्हावे, कारण लिंपण, गोंदण, मण्यांचे काम आणि लग्नातली गाणी यांविषयी बडवा बोलूच शकत नाही. आणि विकायला काढलेले चित्र वेगळे, नवसाची भिंत वेगळी. हा फरक गावातल्या प्रत्येकाला कळतो. तो आपल्या नोंदींना कळायला हवा.

खरे तर विचारायचे कोणाला, याचे उत्तर कायद्याने केव्हाच दिले आहे. संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी 1996 मध्ये केलेल्या पेसा कायद्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की लोकांच्या परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख आणि सामुदायिक संपत्ती यांचे रक्षण व जतन करण्यास प्रत्येक ग्रामसभा सक्षम असेल. झाबुआ आणि आलीराजपूर हे दोन्ही जिल्हे अनुसूचित क्षेत्रात येतात. मध्य प्रदेशाने आपले पेसा नियम 15 नोव्हेंबर 2022 रोजी लागू केले. त्यावरची चर्चा जमीन, पाणी, खनिज, तेंदूपत्ता आणि दारूची दुकाने यांभोवती झाली, ते योग्यच, कारण पोटाचे प्रश्न तिथे आहेत. पण पिठोऱ्याचे छायाचित्र, गातल्याचा फोटो, गायण्याची ध्वनिफीत हीदेखील त्या गावाची सांस्कृतिक ओळख आहे. आजच्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराकडे किंवा त्याच्या संस्थेकडे जातो, गावाच्या वाट्याला काही येत नाही. म्हणून ग्रामसभेचा हा अधिकार आणखी मोलाचा ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या मूलनिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूनेही भारताने मत दिले आहे. त्याच्या 31 व्या कलमात आपल्या सांस्कृतिक वारशावर नियंत्रण ठेवण्याचा त्या लोकांचा हक्क मान्य केला आहे.

आता विचारायचे कसे, याविषयी थोडे, कारण चांगल्या हेतूची कामे इथेच फसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृहात कार्यशाळा घ्यायची, हिंदी-इंग्रजीत पडदा दाखवायचा, सह्या-अंगठे घ्यायचे आणि संमती झाली म्हणायचे, हे चालणार नाही. झाबुआची घरे टेकड्यांवर विखुरलेली असतात आणि वर्षातले बरेच महिने घरातली धडधाकट माणसे गुजरातेत, इंदुरात बांधकामावर असतात. ती परत येतात दिवाळीला आणि होळीआधी भरणाऱ्या भगोरियाच्या हाटांना. जायचे तर तेव्हा जावे, आणि हाटाच्या गर्दीत नव्हे, तर फळियात. अंधार पडल्यावर पांढऱ्या भिंतीवर किंवा चादरीवर चित्रे मोठी करून दाखवता येतात. एकेक चित्र दाखवायचे आणि थांबायचे. म्हातारी माणसे बोलतील ते त्यांच्या बोलीत टिपायचे आणि त्यांनी हो म्हटले तरच ठेवायचे. नोंदीसोबत वाचायला मजकूर असतो, तसा भिलीत ऐकायला आवाज असला पाहिजे. आलीराजपूरसारख्या ज्या जिल्ह्यात 2011 मध्ये तिघांपैकी दोघांना वाचता येत नव्हते, तिथे लिखित संमतीपत्र ही केवळ कार्यालयाची सोय आहे. जे टिपले, त्याची प्रत मेमरी कार्डावर घालून गावात ठेवायची, कारण टेकडीवर नेटवर्क पोहोचेलच असे नाही, आणि आपला आवाज ऐकायला कोणाला रिचार्ज करावा लागू नये.

पैशांचेही स्पष्ट बोलले पाहिजे. छायाचित्रकाराला मानधन असते, नोंदी करणाऱ्याला पगार असतो, संगणक कंपनीला कंत्राट असते. बडवा, पुजारा, गावचा मुखिया असलेला तडवी, गायणा किंवा गाणी जाणणारी म्हातारी आपला एक दिवस देते तेव्हा तिची मजुरी बुडते. तिच्याशिवाय नोंद अर्धी राहते. तिला तज्ज्ञाचे मानधन मिळाले पाहिजे आणि नोंदीत तिचे नाव तिच्या संमतीने आले पाहिजे. 'कारागीर अज्ञात' हे शब्द जुन्या नोंदींत पुष्कळ आहेत. आज काढलेल्या छायाचित्राखाली ते शब्द येणे अक्षम्य आहे, कारण लिखंद्रा तिथेच, शेतात असतो.

इंदूरने यात पुढाकार घ्यावा असे आम्हाला वाटते, आणि त्याला कारण आहे. या शहराने भंवरकुआं चौकाला इंग्रजांशी लढलेल्या भिल्ल तंट्या मामांचे नाव दिले. पाताळपाणीला दर 4 डिसेंबरला, 1889 मध्ये त्यांना जबलपुरात फाशी दिल्याच्या दिवशी, हजारो लोक जमतात. तंट्या मामांविषयी सरकारी कागद आहेत, इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत, आणि त्यांच्या बरोबरीने निमाडच्या गावांत गायली जाणारी गाणी आहेत. त्यांच्या नावाचे एखादे डिजिटल दालन इंदुरात उभे राहायचे असेल, तर ते या गाण्यांपासून सुरू व्हावे आणि गाणाऱ्या माणसांनी ते आधी ऐकावे. इथल्या विद्यापीठात संगणक शिकवणारे आहेत, समाजशास्त्र शिकवणारे आहेत, भिली घरात बोलणारी आणि इंदुरात वसतिगृहात राहून शिकणारी शेकडो मुले आहेत. या मुलांपेक्षा योग्य दुभाषी कुठे मिळणार? त्यांना सुटीतले फुकट काम म्हणून नव्हे, तर पगारी संशोधक म्हणून आपल्याच गावी पाठवावे. केंद्रीय संग्रहालयात हिंगलाजगढच्या परमारकालीन मूर्ती आपण अभिमानाने दाखवतो. त्यांच्या मूर्तिकारांना आता काही विचारता येत नाही. पिठोऱ्याच्या लिखंद्र्यांना आज विचारता येते. पेमा फत्या 2020 मध्ये गेले, आणि त्यांच्या पिढीची माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. 'आदि संपदा', मानव संग्रहालय, जनजातीय संग्रहालय आणि भारत भवन यांच्याकडे पश्चिम मध्य प्रदेशातल्या भिल्ल, भिलाला आणि बारेला गावांच्या ज्या ज्या नोंदी इंटरनेटवर आहेत किंवा जाणार आहेत, त्यांची गाववार यादी करावी आणि ती त्या त्या ग्रामसभेपुढे ठेवावी. ग्रामसभेने जिथे हो म्हटले तिथे ते नोंदीवर लिहावे, जिथे नाव किंवा माहिती बदलायला सांगितले तिथे बदलावी, आणि जिथे नको म्हटले तिथे चित्र हटवून त्या जागी ग्रामसभेचा ठराव आणि तारीख टाकावी, म्हणजे पाहणाऱ्यालाही ते का नाही ते कळेल. नव्या नोंदी ठरावाशिवाय चढवू नयेत. झाबुआ, आलीराजपूर, बडवानी आणि धार या जिल्ह्यांतल्या ग्रामसभांना अशी पत्रे पाठवायला नवा कायदा लागत नाही. त्यांचा अधिकार 1996 पासून कायद्यात आहे आणि राज्याचे नियम 2022 पासून लागू आहेत.